टाचण्यांचा नकाशा आणि पळत्या सायकली

जनी भोईर पोलिसात लागली तेव्हा भिसेगावात तिच्या आईनं घरोघर पेढे वाटले, आणि तिकडे उंबरोशीच्या ठाण्यात कुणाला कळेना की हिचं करायचं काय.

कुलाबा जिल्ह्याचं नाव अजून रायगड झालेलं नव्हतं. त्या ठाण्यात बाई म्हणून जनी पहिलीच. हवालदार येसाजी कडूंनी पहिल्या दिवशी तिला चहा विचारला, मग बसायला स्वतःची खुर्ची दिली, आणि आठवडा संपायच्या आत फौजदारांना जाऊन सांगितलं, "साहेब, पोरगी गुनाची हाय. पन ती समोर बसली की आमाला चोराला धड शिव्या देता येत नाय."

फौजदार सबनीसांना तेवढ्यात एक युक्ती सुचली. अलिबागहून कधीचा एक हुकूम येऊन पडला होता. प्रत्येक ठाण्यानं हद्दीचा नकाशा भिंतीवर लावावा, जिथं गुन्हा घडेल तिथं टाचणी टोचावी, आणि गुन्हे कुठं, कधी, कशानं होतात याचं विश्लेषण करून वर कळवावं. त्या विश्लेषण शब्दाला सगळं ठाणं बिचकून होतं. सबनीसांनी हुकूम जनीच्या हातात ठेवला.

"भोईर, आजपासून विश्लेषण तुमच्याकडे."

"ते काय असतं साहेब?"

"मलाही नक्की ठाऊक नाही," सबनीस खरं तेच बोलले. "पण टाचण्या मंजूर झाल्यात. त्या अर्थी काहीतरी मोठंच असणार."

जनीनं नकाशा लावला. चोरीला लाल टाचणी, मारामारीला निळी, हातभट्टीला पिवळी. ओढ्याच्या काठानं पिवळ्या टाचण्यांची अशी दाटी झाली की लांबून पाहणाऱ्याला तिथं मोहरी पेरल्यासारखं वाटे. आणि काय गंमत सांगावी, या कामानं तिला वेडच लावलं. सकाळी आली की ती आधी नकाशासमोर उभी राही. कंबरेवर हात, मान जराशी तिरकी. आपण घार झालोय आणि डोंगरावरून सगळी गावं, सगळे बांध, सगळी भांडणं एका नजरेत बघतोय, असं तिला वाटे आणि पोटात गुदगुल्या होत. निळ्या टाचण्या पावसाच्या तोंडावर शेताच्या बांधांवर उगवतात आणि लावणी उरकली की आपोआप थांबतात, हे तिनं शोधून काढलं तेव्हा ती आनंदानं एवढी ओरडली की कोठडीतला दारूडा दचकून उठला आणि "मी काय केला नाय" म्हणाला.

मग सायकली पळायला लागल्या.

लग्नसराई सुरू झाली होती. आधी कुल्फीवाल्या कान्हाची सायकल गेली. मागं लाकडी पेटी, पुढं भोंगा, आणि पेटीवर रंगवलेला हिरवा पोपट. मग दूधवाल्याची, मग ग्रामसेवकाची, मग एका नव्या जावयाची सासऱ्यानं दिलेली सायकल, आणि तो जावई तर ठाण्यात येऊन ढसाढसा रडला. सायकल म्हणजे त्या काळी घरातलं माणूस. नकाशावर लाल टाचण्या गोवरासारख्या उठल्या.

जनीनं टाचण्यांना दोरा गुंडाळला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि तिला साक्षात्कार झाला. आठवडी बाजार! चोर बाजाराला येतो, येताना पायी, जाताना सायकलवर. सबनीसांनी तिचं म्हणणं मानलं. पुढच्या बाजारी येसाजी हवालदार बोंबलाच्या पाटीमागं दबा धरून बसले, आणि एक टोपीवाला माणूस सायकलच्या कुलुपाशी बराच वेळ झटापट करताना दिसताच त्यांनी त्याच्यावर झेप घेतली.

ते हायस्कुलाचे हेडमास्तर होते. सायकल त्यांचीच होती आणि कुलूप गंजलेलं होतं. खाली पडल्या पडल्याही त्यांनी येसाजींच्या शिव्यांतल्या व्याकरणाच्या चुका सुधारल्या.

"तरी मी म्हनत होतो," येसाजी नंतर कितीतरी दिवस म्हणत, "ह्या चोराला व्याकरन लई येतंय."

जनीला जमीन दुभंगावी असं झालं. तिनं दोरे सोडले आणि नकाशाकडे पाठ करून बसली. सबनीसांनी तिच्या टेबलावर चहा ठेवला आणि म्हणाले, "हेडमास्तर चोर नाहीत एवढं तर पक्कं झालं. हेही विश्लेषणच की." त्या वाक्यावर ती हसली, आणि हसल्यावर पुन्हा कामाला लागली.

दोन दिवसांनी तिला कागद पोचवायला शिरसवण्याच्या ठाण्यात जावं लागलं. शिरसवणे नदीपलीकडे, चौक गावाच्या बाजूला. नदी ही दोन ठाण्यांची हद्द. खरं तर फार लांब नाही, पण दोन्ही फौजदारांचं व्हॉलीबॉलच्या एका सामन्यात जे वाजलं होतं ते अजून मिटलं नव्हतं, त्यामुळे नदीच्या या काठाचं त्या काठाला कळत नसे. जनी फाटकातून आत शिरली आणि जागच्या जागी थिजली. अंगणात चिंचेखाली सायकलींची रास लागली होती, आणि त्या राशीच्या टोकावर, उन्हात चमकत, एक हिरवा पोपट बसला होता.

"ही कान्हाची!" जनी किंचाळली. "आमच्या कुल्फीवाल्याची!"

तिथले हवालदार नामा धुळे विडी विझवत बाहेर आले. "तुमची? अवो, या सगळ्या बेवारस हायेत. आमच्या हद्दीत कुनीतरी आनून टाकतंय. आमी म्हनलं, सायकलींचा पाऊस पडतोय का काय."

"आमच्याकडे पण बेवारस सापडल्यात तीन-चार."

"एक लाल हाय का? सीटवर वाघाचं कातडं? म्हंजी नक्षीचं, खरं नाय."

"हाय!"

"ती माज्या मेव्हन्याची!" नामा हवालदार एवढे खूश झाले की त्यांनी जनीला बसवून भजी मागवली. उंबरोशीच्या चोरीच्या सायकली शिरसवण्यात बेवारस पडल्या होत्या, आणि शिरसवण्याच्या चोरीच्या सायकली उंबरोशीत. दोन्ही ठाणी आपापल्या अंगणातली भर बघून डोकं खाजवत होती.

भजी खाता खाता जनीनं पोपटाच्या सायकलचा दांडा धरला आणि हात बघितला. पंजा पिवळा.

"ते सगळ्याच सायकलींना हाय," नामा म्हणाले. "हळद. माजा अंदाज, चोर मसाल्याचा व्यापारी हाय."

जनी मात्र त्या पिवळ्या पंजाकडे बघतच राहिली. घास तोंडात तसाच. मग ती उठली, नामा हवालदारांना नमस्कार घातला, भजी पदरात बांधली आणि धावतच एसटीच्या फाट्याकडे निघाली.

पुढचे काही दिवस ती सायकलींच्या मालकांकडे फिरली. सगळ्यांना एकच प्रश्न. सायकल गेली तेव्हा तुमी कुठं होता?

"लग्नाला."

"मग तसं सांगितलं का नाय?"

"आता लग्नसराईत मानूस लग्नालाच असनार ना, बाय. त्यात सांगायचं काय?"

सगळे लग्नाला. कान्हा कुल्फी विकायला, दूधवाला दूध घालायला, जावई मिरवायला. जेवून, पान खाऊन बाहेर आले तर सायकल नाही. जनी ठाण्यात परतली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. सकाळच्या लग्नातून सायकल उचलायची, नदीपलीकडं संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताला दुसऱ्या मांडवात पोचायचं, ती तिथं सोडायची, आणि परतताना तिथली दुसरी घ्यायची. असा माणूस कोण, जो एकाच दिवशी दोन लग्नांत लागतो?

आचारी? तो भांडी घासून होईस्तोवर हलत नाही. फोटोवाला? त्याच्याकडे स्वतःची फटफटी. भटजींना सायकल येत नाही, हे त्यांनी जानव्याची शपथ घेऊन सांगितलं. राहिला बँडवाला. आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा जैतू, केसांना तेल, गळ्यात रुमाल, डोळ्यांत सुरमा. दोन्ही काठांवरची सुपारी घेणारा. जनीला तो बघताक्षणीच चोर वाटला.

खात्री करायला तिनं गोदूबाईंनाही विचारलं. गोदूबाई म्हणजे त्या टापूतली धवलारीण. आगऱ्यांच्या घरी लग्न असलं की धवले गायला धवलारीण लागतेच. हळद तिच्या गाण्यावर लागते, तेल तिच्या गाण्यावर चढतं, नवरी तिच्या गाण्यावर उठते आणि बसते. साठीला टेकलेली, काटक, गुडघ्यापर्यंत कासोटा आवळलेली ही म्हातारी सगळ्या मांडवांत असे.

"आजी, लग्नात कुनी संशयी मानूस दिसतोय का? सायकली चोरनारा?"

"चोर?" गोदूबाईंनी कानाला हात लावला. "माज्या मांडवात? नाय गं बाय! जो सायकल चोरंल त्याचं लगीन मोडंल." आणि जनीच्या गालावरून हात फिरवून, बोटं मोडून त्या निघून गेल्या.

मग सापळा लागला. उंबरोशीत पाटलांच्या मुलीचं लग्न सकाळचं होतं, शिरसवण्यात संध्याकाळी दुसरं, आणि जैतूची सुपारी दोन्हीकडे. जनी गजरा माळून वऱ्हाडात घुसली. येसाजी हवालदार फेटा बांधून नवरीचे मामा झाले, आणि भूमिकेत इतके रंगले की खऱ्या मामांशी त्यांचं मानपानावरून भांडण जुंपलं. फौजदार सबनीस काळी टोपी घालून पुण्याचे पाहुणे म्हणून आले. आले ते स्वतःच्या कोऱ्या हिरव्या सायकलवर, आणि ती त्यांनी मुद्दामच मांडवाच्या दाराशी उभी केली, आमिष म्हणून.

अक्षता पडल्या. पंगत उठली. जैतूनं क्लॅरिनेट पेटीत ठेवलं, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच मांडवामागं निघाला. जनीनं डोळ्यानं खूण केली. तिघेही वळसा घालून, श्वास रोखून त्याच्या मागावर. जैतू सायकली ओलांडून पुढं गेला, कुंपणापाशी थांबला, आणि पाठमोरा होऊन जे करायचं ते करू लागला. जनीनं लाजून तोंड फिरवलं.

म्हणूनच तिला ते दिसलं.

मांडवाच्या दारातून गोदूबाई बाहेर आल्या. हळदीनं माखलेले हात त्यांनी पदराला ओझरते पुसले, कासोटा एकदा आवळला, फौजदारांच्या सायकलचं स्टँड टाचेनं उडवलं, टांग टाकली आणि निघाल्या. कुठं चोरटी नजर नाही, घाई नाही. घरचा पाट उचलावा तशी.

"साहेब!" जनीनं त्यांची बाही ओढली. "साहेब, तुमची... आजी... सायकल!"

सबनीसांनी टोपी मागं सरकवली. "त्यांना फटफटीसुद्धा येईल हो," एवढंच ते म्हणाले.

येसाजींनी हाताला लागेल ती सायकल ओढली. जनी मागच्या कॅरिअरवर बसली. "पळवा, काका!" आणि काका पळवू लागले. फेट्याचा शेमला तिच्या तोंडावर फडफडत होता. पुढं लांबवर हिरवी सायकल, आणि त्या सायकलवर लाल लुगड्याचा ठिपका. खिंडीच्या उतारावर गोदूबाईंनी पायच हलवायचे सोडून दिले. दोन्ही पाय पुढं ताठ केले, आणि उताराच्या वाऱ्यावर त्यांचं गाणं मागं येऊ लागलं.

"थांबा, आजी! पोलीस!" जनी ओरडली.

गोदूबाईंनी मागं वळून हात हलवला. ओळखीचं कुणीतरी हाक मारतंय असं त्यांना वाटलं.

नदीचा पूल गेला. चौकच्या अलीकडे हमरस्ता आला, तिथं मुंबई-पुण्याचे ट्रक एकामागून एक. गोदूबाईंनी घंटी वाजवत हात आडवा केला, आणि साखरेची पोती भरलेला भला थोरला ट्रक कचकन थांबला. ढाब्यावरचे ड्रायव्हर खाटांवर उठून उभे राहिले. पाठोपाठ फेटेवाले हवालदार आणि गजरेवाली पोरगी गेली तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "अरे, नवरी भागी!" गॅरेजवाल्यानं हातातला पाना खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. जनीला हसू आवरेना. चोराच्या मागावर आपण हसतोय, हे शोभत नाही, हे कळूनही ती कॅरिअरवर डोलत हसत राहिली, आणि पुढं येसाजी धापा टाकत विचारत राहिले, "काय झालं? पडली का म्हातारी?"

शिरसवण्याच्या वेशीवर येसाजींची साखळी निसटली. उरलेलं अंतर दोघांनी पळत काढलं. मांडवात पोचले तर गोदूबाई पाटावरच्या नवरीसमोर बसल्या होत्या, शेजारी हळदीची वाटी, आणि भोवती सगळ्या बायका. धवला सुरू झाला होता. खणखणीत, उतारावरून आलेला दम अजून त्यात शिल्लक. नवरीचे डोळे भरले होते. तिची आई खांबाला टेकून रडत होती आणि रडता रडता हसत होती. जनी पुढं झाली आणि थांबली. अटक करायला हात कुठं घालणार? दोन्ही हात तर नवरीच्या गालांवर.

तेवढ्यात दुधाच्या टेंपोतून सबनीस उतरले. त्यांनी मांडवाकडे पाहिलं, आपल्या हिरव्या सायकलकडे पाहिलं, आणि टोपी काढली. "लग्न लागू दे," ते म्हणाले. मग तिथल्या माणसांनी पोलिसांना हाताला धरून पंगतीत बसवलं. शेवटी जिलेबीच्या ताटावरच पंचनामा झाला.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई ठाण्यात आल्या. आपण चोरी केली हे कुणी त्यांना सांगितलं तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मी चोरली कुठं? मांडवातली सायकल मांडवातच नेली. मांडवातलं सगळं लग्नाचं असतंय. ज्याची हाय तो नेनारच की. मला बेड्या घालनार काय रं?" हे त्यांनी येसाजींना विचारलं आणि दोन्ही हात पुढं केले. येसाजींनी टेबलावरच्या बेड्या टोपीखाली झाकल्या.

जनीनं त्यांच्यासमोर पाणी ठेवलं. "आजी, सायकल शिकलात कुठं?"

"माज्या मालकानं शिकवली, खळ्यावर. तो डाकवाला होता. पाऊस नसला की संध्याकाळी शिकवायचा. लोकं हसायची. तो म्हनायचा, हसू दे, तू पाय मार." गोदूबाई पाणी प्यायल्या. "आनि पहिलं सायकल कशाला पायजे होती? पलीकडच्या अंगाला माजी जोडीदारीन होती, सोनुबाई. ती तिकडं, मी इकडं. मागल्या श्रावणात ती गेली. आता दोन्ही काठांना मी एकटी. नाय म्हनलं तर पोरगी मुकी बोहल्यावर चढनार. एसटी काय येतेय वखताला? मग म्हनलं, सायकल उभीच तर हाय."

जनी उठून नकाशासमोर जाऊन उभी राहिली. शिरसवण्याचा नकाशाही तिनं मागून आणून शेजारी लावला होता. दोन्हींवरच्या लाल टाचण्या तिनं एक-एक करून बघितल्या. एवढे दिवस त्यात तिला चोराची वाट दिसत होती. आता तिला एक बाई दिसली, उन्हातान्हात एका लेकीकडून दुसऱ्या लेकीकडं पळणारी, जोडीदारणीच्या वाटणीचंही गाणारी. आणि त्या ट्रकसमोर आडवा झालेला हात आठवून तिला हसू फुटलं.

फिर्यादी बोलावले गेले. कान्हा कुल्फीवाला पुढं आला, गोदूबाईंना बघितलं, आणि हात जोडले. "साहेब, माजी काय तक्रार नाय. मीच दिली होती सायकल. इसरलो होतो."

"तुम्ही चार वेळा येऊन गेलात."

"चारी वेळा इसरलो होतो. वैशाखात पोराचं लगीन हाय, साहेब."

दूधवाला इसरला होता. ग्रामसेवक इसरले होते. नव्या जावयाला तर आता कुठं आठवलं की सायकल त्यानं स्वतःच आग्रहानं दिली होती. सबनीसांनी एकेकाला तक्रार मागं घेऊ दिली, आणि कडक आवाज काढायचा प्रयत्न करत म्हणाले, "आजी, यापुढं विचारून न्यायची." गोदूबाईंनी त्यांच्याही गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

जनीनं वर कळवायचं विश्लेषण सरळ लिहिलं. गुन्ह्याचं कारण, धवलारीण एकच उरली. उपाय, लग्नांच्या वेळा जुळवणं आणि दुसरी धवलारीण तयार करणं. सबनीसांनी सही करताना देवाचं नाव घेतलं. पण जनी तेवढ्यावर थांबली नाही. ती घरोघर गेली, दोन्ही काठांच्या यजमानांना बसवून वेळा बदलून घेतल्या, आणि चौकच्या शकू नावाच्या गोड गळ्याच्या सुनेला गोदूबाईंच्या हाताखाली बसवलं. तिच्या सासूचा नकार होता. त्या सासूसमोर गोदूबाई फक्त एक धवला गायल्या, आणि सासूच म्हणाली, "मला पन शिकवा." लोक जनीला लग्नाची पोलीस म्हणू लागले. दोन्ही फौजदारांनी पुन्हा व्हॉलीबॉलचा सामना ठेवला आणि पुन्हा भांडले, पण नकाशे मात्र तेव्हापासून दर महिन्याला नदी ओलांडू लागले. पुढं जनीनं त्यांच्यावरून खऱ्या चोरांनाही धरलं, बैलचोरांची एक टोळीच्या टोळी धरली, हवालदाराच्या फिती मिळवल्या, आणि अलिबागला जाऊन नव्या पोरांना टाचण्या कशा टोचायच्या ते शिकवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षीच्या शेवटच्या मुहूर्ताला वेळा काही केल्या जुळल्या नाहीत. तेव्हा सबनीसांनी दुधाचा टेंपो थांबवला आणि जनीला म्हणाले, "भोईर, घेऊन जा त्यांना. कर्तव्य समजून."

टेंपोत मागं दुधाच्या रिकाम्या पत्र्याच्या बरण्या खणखणत होत्या. गोदूबाई एका पालथ्या बरणीवर बसल्या होत्या, शेजारी शकू, समोर वर्दीतली जनी. खिंड उतरली आणि वारा सुटला तशा गोदूबाई गायला लागल्या, तिथल्या तिथं जुळवून.

"फौजदार गो बाय, मांडवाच्या दारी,
सायकल देतो गो, नवरीला तारी..."

शकूनं ती ओळ ओढून धरली. जनीचा सूर जन्मात कधी लागला नव्हता, पण तिनंही तोंड उघडलं आणि बेसूर, मोठ्यानं, पोटातून गायला सुरुवात केली. चौकला ढाब्यांवरची माणसं चहाचे ग्लास हातात धरून वळली. हमरस्त्यावर नामा हवालदार उभे होते. त्यांनी एका हातानं ट्रक अडवले, दुसऱ्या हातानं टेंपोला कडक सलाम ठोकला, आणि टेंपो तसाच, न थांबता, बरण्या वाजवत शिरसवण्याच्या रस्त्याला लागला.